प्रौढ रुग्णाला दमा सांभाळायला शिकवताना: प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टर व परिचारिकांसाठी मार्गदर्शक

‘तुमचा पंप आणलाय ना? रोज जसा घेता, तसाच माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा.’ दम्याच्या रुग्णाला एवढे सांगितले की पुढच्या अर्ध्या मिनिटात जे दिसते, ते केसपेपरवर सहसा कुठेच नोंदलेले नसते. कोणी पंप न हलवताच दाबतो, कोणी श्वास पूर्ण आत घेऊन झाल्यावर दाबतो आणि औषधाचा पांढुरका फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो, तर कोणी एका श्वासात दोन-तीनदा दाबून मोकळा होतो. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ७० ते ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना इनहेलर बरोबर वापरता येत नाही आणि त्यांतल्या बहुतेकांना आपले काही चुकते आहे याची जाणीवही नसते. अशा रुग्णाचे औषध वाढवत नेले तरी ते घशातच राहते, म्हणून दम्याचे शिक्षण तोंडी उपदेशाने सुरू न करता या अर्ध्या मिनिटाच्या निरीक्षणाने सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे.

हा लेख दम्याचे निदान झालेल्या प्रौढांविषयी आहे. निदान मात्र पक्के असले पाहिजे. शक्य असेल तेथे स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वासाची ताकद मोजणारी चाचणी) करून, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढते का, हे पाहून ठेवावे. स्पायरोमेट्री उपलब्ध नसेल तर पीक फ्लो मीटरवरची (जोराने फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावरची) दोन आठवड्यांची सकाळ-संध्याकाळची नोंदही उपयोगी पडते. ज्याला दमाच नाही त्याला दम्याचे उत्तम शिक्षण दिले तरी त्याची धाप कमी होणार नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या एका भेटीत उरकायच्या नाहीत. पहिल्या भेटीत रुग्ण घाबरलेला असतो, दमलेला असतो आणि त्याच्या लक्षात दोन-तीन गोष्टीच राहतात. त्या दिवशी फक्त कोणते औषध कशासाठी, ते कसे ओढायचे आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब धावायचे, एवढेच शिकवावे. बाकीचे पुढच्या तीन-चार भेटींत, प्रत्येक वेळी दहा मिनिटे काढून, पुरे करावे.

पहिली पायरी: रुग्णाला काय वाटते ते ऐकून घेणे

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘स्टिरॉइड सुरू केले की अंग सुजते’ ही तीन वाक्ये ऐकली नाहीत असा डॉक्टर सापडणार नाही. रुग्ण ती आपणहून बोलत नाही. तो मान डोलावतो, चिठ्ठी घेऊन घरी जातो आणि इनहेलर कपाटात ठेवून देतो. म्हणून समजावण्याच्या आधी विचारावे: ‘या औषधाबद्दल तुम्ही काय ऐकले आहे? ते घेताना कशाची भीती वाटते?’ उत्तर येईपर्यंत थांबावे, मध्येच बोलून ती शांतता मोडू नये.

सवयीच्या भीतीवर उत्तर सरळ द्यावे: इनहेलरमधल्या स्टिरॉइडचे व्यसन लागत नाही, दमा दीर्घकाळ टिकणारा आजार असल्यामुळे औषधही दीर्घकाळ लागते, एवढाच त्याचा अर्थ. स्टिरॉइडच्या भीतीसाठी मात्र मात्रेचा हिशेब कागदावर मांडून दाखवणे फार उपयोगी पडते. इनहेलरमधून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेणाऱ्याच्या फुफ्फुसांवर जाणारे औषध अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर दमा उसळल्यावर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची मात्रा दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम असते आणि ती साऱ्या शरीरात फिरते. ही दोन औषधे वेगळी असल्याने वजनाला वजन अशी तुलना नेमकी ठरत नाही, पण रुग्णाला मुद्दा समजतो: रोजचा थोडासा इनहेलर टाळला की वेळोवेळी गोळ्यांचे मोठे डोस घ्यायची वेळ येते, आणि आयुष्यभरात गोळ्यांचे असे चार-पाच कोर्स झाले तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. इनहेलरला दुष्परिणामच नाहीत, असे मात्र कधीही सांगू नये. आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, फार मोठ्या मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरावरही परिणाम होतात. म्हणूनच चूळ भरायची आणि दमा ताब्यात आला की मात्रा कमी करायची, हे त्याच दमात सांगावे. आपण एक गोष्ट लपवली असे रुग्णाला पुढे कळले, तर तो उरलेल्या नऊ गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी पायरी: आजार चित्रातून दाखवणे

कागदावर शेजारी शेजारी दोन वर्तुळे काढावीत. पहिले निरोगी श्वासनलिकेचे, आतली जागा मोकळी. दुसऱ्यात आतले अस्तर जाड करून सूज दाखवावी, मध्ये थोडा चिकट कफ दाखवावा आणि बाहेरून आवळणारा स्नायूचा पट्टा काढावा. मग पेनाचे टोक त्या पट्ट्यावर ठेवून सांगावे, ‘हा आवळला की धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. हा सैल करणारे औषध पाच-दहा मिनिटांत आराम देते.’ नंतर टोक सुजलेल्या अस्तरावर न्यावे: ‘पण खरा आजार इथे आहे. आज तुम्हाला काहीच त्रास नसला तरी ही सूज असू शकते, आणि ती कमी करायला दिवस-आठवडे लागतात.’

एवढ्या चित्रातून पुढचे सगळे सोपे होते. त्रास नाही म्हणजे दमा नाही, हा गैरसमज शब्दांनी जात नाही. सुजलेले वर्तुळ डोळ्यांसमोर असले की जातो. तो कागद रुग्णालाच द्यावा.

तिसरी पायरी: दोन औषधांतला फरक

येथे गोंधळ झाला तर जिवावर बेतू शकते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. साल्ब्युटॅमॉलसारखे झटपट आराम देणारे औषध फक्त स्नायू सैल करते. सुजेला ते हातही लावत नाही. श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड सूज उतरवते, पण लगेच जाणवत नाही. साहजिकच रुग्णाचे मन ‘लगेच गुण देणाऱ्या’ पंपाकडे ओढले जाते आणि रोजचा पंप ‘काही उपयोगाचा नाही’ म्हणून बंद पडतो. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांना एकट्या साल्ब्युटॅमॉलवर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. दमा कितीही सौम्य वाटला तरी उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड असलेच पाहिजे. अचानक उसळलेला जीवघेणा दमा सौम्य रुग्णांनाही होतो, हे त्यामागचे कारण.

यासाठीच अनेक रुग्णांना आता स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिकेचा स्नायू सैल करणारे औषध) यांचा एकत्र इनहेलर दिला जातो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करते, त्यामुळे हाच एक इनहेलर त्रास होईल तेव्हा, आणि मध्यम दम्यात रोज नियमाने आणि शिवाय त्रासाच्या वेळीही, वापरता येतो. रुग्णाला त्याची मर्यादा आकड्यातच सांगावी: प्रत्येक पफात ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल असलेला बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा इनहेलर असेल तर रोजचे आणि गरजेचे मिळून २४ तासांत १२ पफांच्या वर जायचे नाही, आणि एका वेळी ६ च्या वर नाही. सॅल्मेटेरॉल किंवा विलांटेरॉल असलेले एकत्रित इनहेलर त्रासाच्या वेळी म्हणून वापरायचे नसतात. बाहेरून ते सारखेच दिसतात, म्हणून रुग्णाच्या हातातल्या डबीवरचे नाव दर वेळी स्वतः वाचावे. रंगावरून ओळख शिकवण्याचा मोह टाळावा, कारण कंपनी बदलली की रंगही बदलतो. त्यापेक्षा डबीवर चिकटपट्टी लावून जाड अक्षरात ‘रोज सकाळी-रात्री’ किंवा ‘त्रास झाला तर’ असे लिहून द्यावे.

साल्ब्युटॅमॉल वापरणाऱ्या रुग्णाला आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: ‘हा पंप किती दिवसांनी संपतो?’ साधारण एका डबीत २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा अधिक डब्या, म्हणजे दिवसाला सरासरी दीड पफाच्या वर औषध लागत असेल, तर दमा उसळण्याचा धोका वाढलेला असतो; महिन्याला एक डबी लागत असेल तर मृत्यूचा धोकाही वाढतो. हा आकडा रुग्णाला सांगताना आवाजात धाक नको, पण तो टाळायचाही नाही.

चौथी पायरी: इनहेलर हातात देऊन शिकवणे

क्रम असा ठेवावा: आधी रुग्णाने दाखवायचे, मग आपण करून दाखवायचे, मग पुन्हा रुग्णाने. सराव करायला औषध नसलेले इनहेलर टेबलाच्या खणात ठेवावेत, आणि ते एका तोंडाचे दुसऱ्याच्या तोंडाला लावू नयेत.

दाबून फवारा सोडणाऱ्या साध्या पंपाची पद्धत अशी आहे. झाकण काढून आत काही अडकलेले नाही ना ते पाहावे आणि पंप नीट हलवावा. ताठ बसून किंवा उभे राहून सावकाश सगळा श्वास बाहेर सोडावा, तोंडातला भाग दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. श्वास आत घ्यायला सुरुवात करताच एकदाच दाबावे आणि पुढचे चार-पाच सेकंद संथपणे, खोल श्वास घेत राहावे. मग दहा सेकंद, किंवा जमेल तेवढा वेळ, श्वास रोखावा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवण्यापासून सुरुवात करावी. सर्वांत जास्त चुकते ते ‘संथपणे’ हे. रुग्ण हुंकार दिल्यासारखा झटक्यात श्वास ओढतो आणि औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटते. जिभेवर कडवट चव आली, असे तो सांगतो, तेव्हा ही चूक समजावी.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल तर हट्ट न करता स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. स्पेसरमध्ये एका वेळी एकच पफ सोडायचा आणि एक खोल श्वास घेऊन रोखायचा, किंवा धाप जास्त असेल तर चार-पाच साधे श्वास त्यातूनच घ्यायचे. प्लॅस्टिकचा स्पेसर कोमट पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण घालून धुवावा आणि न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण कापडाने पुसल्यावर आत स्थिर विद्युत तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. हे कारण सांगितले नाही तर घरी कोणीतरी तो स्वच्छ पुसून ठेवतोच.

पावडरच्या इनहेलरची गोष्ट नेमकी उलटी आहे: त्यातून श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो, कारण पावडर मोकळी करण्याची ताकद रुग्णाच्या श्वासातूनच येते. त्यात फुंकर मारायची नाही. फुंकरीतल्या ओलसर हवेने पावडरच्या गुठळ्या होतात. ज्या इनहेलरमध्ये कॅप्सूल घालावी लागते, त्याच्या बाबतीत ‘ही गिळायची नाही’ हे शब्दांत सांगावेच लागते. पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून ‘औषधाचा गुण येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण असतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. कॅप्सूल दिसली की कोणीही ती गिळणारच. एकाच रुग्णाला एक साधा पंप आणि एक पावडरचा इनहेलर देणे शक्यतो टाळावे, कारण संथ आणि जोरात या दोन विरुद्ध सवयी एकमेकींत मिसळतात.

स्टिरॉइडचा इनहेलर घेऊन झाल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे. पंपावर आकडे दाखवणारी खिडकी असेल तर ती वाचायला शिकवावे. नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून रोजच्या पफांवरून संपण्याचा दिवस काढून द्यावा. डबी पाण्यात सोडून ती तरंगते की बुडते, यावरून औषध किती उरले ते ठरवण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. हलवल्यावर आवाज येतो म्हणजे औषध आहे, हेही खरे नाही; औषध संपल्यावरही आत वायू उरतो.

शिकवलेली पद्धत चार ते सहा आठवड्यांत बिघडू लागते. म्हणून प्रत्येक भेटीत, अगदी सर्दी-तापासाठी आलेल्या भेटीतही, इनहेलर समोर घ्यायला लावावा. पंधरा वर्षे पंप वापरणाऱ्याला विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण जुन्या रुग्णाच्या चुकाही जुन्याच मुरलेल्या असतात.

पाचवी पायरी: औषध खरेच घेतले जाते का

दीर्घ उपचारावर असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचे औषध काही काळ तरी सांगितल्याप्रमाणे घेतले जात नाही. ‘औषध नियमित घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी असे विचारावे: ‘बऱ्याच जणांचे रोजचे डोस राहून जातात. गेल्या आठवड्यात तुमचे साधारण किती राहिले असतील?’ राहण्याचे कारण कळले की उपाय छोटा असतो. इनहेलर दात घासण्याच्या ब्रशजवळ ठेवला की चूळ भरण्याचे कामही त्याच वेळी होते.

सहावी पायरी: त्रास कशाने होतो ते शोधणे

छापील यादी हातात देऊन सगळे टाळायला सांगणे व्यर्थ आहे. धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण, पाळीव प्राणी, झुरळे, थंड हवा, सर्दीचे विषाणू, धूर यांपैकी या रुग्णाला काय भोवते, एवढेच शोधायचे. धूम्रपानावर मात्र तडजोड नाही, कारण त्याने स्टिरॉइडचा परिणामही कमी होतो. अन्नाची पथ्ये रुग्ण स्वतःहून भरमसाठ पाळतात. प्रौढांत अन्नाने दमा उसळणे क्वचितच घडते, तेव्हा सिद्ध न झालेले पथ्य सोडवून देणे हीसुद्धा सेवाच आहे. व्यायामही सोडायचा नाही. व्यायामाने धाप लागत असेल तर दम्यावरचा ताबा कमी आहे असे समजून उपचार तपासावा.

दोन प्रश्न हमखास राहून जातात. एक, ‘सुटीच्या दिवशी बरे वाटते का?’ प्रौढ वयात सुरू झालेल्या दम्यात पिठाची धूळ, फवारणीचे रंग, साफसफाईची रसायने अशी कामाच्या जागची कारणे असतात, आणि ती लवकर सापडली तर दमा सुटण्याची शक्यता जास्त असते. दुसरा, ‘आणखी कोणती औषधे घेता, डोळ्यांत थेंब घालता का?’ बीटा-ब्लॉकर गटातले काचबिंदूचे टिमोलोल थेंबही श्वासनलिका आवळू शकतात. काही रुग्णांना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यावर जोराचा त्रास होतो.

सातवी पायरी: लेखी कृती आराखडा

दमा उसळतो तो बहुधा रात्री, दवाखाना बंद असताना. तेव्हा रुग्णाच्या हाती एका पानाचा कागद हवा, त्याच्याच भाषेतला. ‘लक्षणे वाढल्यास’ असे लिहू नये. तो जिना चढताना थांबत असेल तर ‘पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत थांबावे लागले तर’ असे लिहावे.

वरच्या भागात रोजचे औषध. मधल्या भागात बिघाडाची सुरुवात: रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग येणे, आराम देणारे औषध नेहमीपेक्षा जास्त लागणे, किंवा पीक फ्लो स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली येणे. सर्वोत्तम आकडा ४५० असेल तर कागदावर टक्के न लिहिता थेट ३६० लिहावा. येथे कोणते औषध किती वाढवायचे ते पफांच्या संख्येत द्यावे. वाढवूनही ४८ तासांत उतार नसेल किंवा आकडा ६० टक्क्यांखाली, म्हणजे २७० च्या खाली गेला, तर त्याच दिवशी संपर्क साधावा. ज्याला आपण ओळखतो आणि ज्याच्यावर भरवसा आहे, त्याला प्रेडनिसोलोनचा पाच ते सात दिवसांचा कोर्स घरी ठेवून तो केव्हा सुरू करायचा हेही लिहून देता येते.

शेवटचा भाग धोक्याचा. एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी येणे, औषध घेऊनही आराम न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत ताठ बसून साल्ब्युटॅमॉलचे ४ ते १० पफ स्पेसरमधून, एका वेळी एक, आणि गरज असेल तर दर २० मिनिटांनी पुन्हा. फॉर्मोटेरॉलचा एकत्रित इनहेलर असेल तर एक-एक पफ, वर सांगितलेल्या मर्यादेपर्यंत. छातीतली घरघर थांबली पण माणूस अधिकच अस्वस्थ झाला, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. हवाच आत-बाहेर होत नसल्याने आवाज बंद झालेला असतो. हे घरातल्या माणसालाही बोलावून सांगावे.

कागद दिल्यावर रुग्णालाच विचारावे: ‘समजा आज रात्री दोन वाजता जाग आली, छाती भरून आली. तुम्ही काय कराल?’ तो अडखळला तर आपले समजावणे कमी पडले, असे मानून पुन्हा सांगावे.

आठवी पायरी: पुन्हा पुन्हा भेटणे

उपचार सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत, नंतर तीन ते बारा महिन्यांच्या अंतराने बोलवावे. प्रत्येक वेळी मागच्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न: दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का, रात्री दम्याने जाग आली का, साल्ब्युटॅमॉल आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागले का, कामात किंवा हालचालीत अडथळा आला का. एकही ‘हो’ नसेल तर दमा ताब्यात आहे, एक-दोन असतील तर अर्धवट, तीन-चार असतील तर ताबा सुटलेला आहे. ‘कसे काय, बरे ना?’ या प्रश्नावर हेच रुग्ण ‘बरे आहे’ म्हणतात, कारण जिना टाळण्याची त्यांना सवय होऊन गेलेली असते. औषध वाढवण्याआधी इनहेलरची पद्धत, राहिलेले डोस आणि त्रासाची कारणे तपासावीत. तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला तर मात्रा हळूहळू कमी करावी, एकदम बंद करू नये.

गर्भवती स्त्रीला पहिल्याच भेटीत सांगावे की इनहेलर चालू ठेवायचा आहे. औषधाच्या भीतीने तो सोडणाऱ्या बऱ्याच जणी असतात, पण ताबा सुटलेल्या दम्याचा बाळाला होणारा धोका औषधाच्या धोक्याहून मोठा असतो.

दमा उसळून गेल्यानंतरची भेट आठवड्याच्या आत व्हावी, कारण त्या दिवसांत रुग्ण जेवढा शिकायला तयार असतो तेवढा एरवी नसतो. त्याला आराखड्याचा कागद घेऊनच बोलवावे आणि त्या रात्रीचा एकेक तास त्याच्याकडून ऐकावा: पहिली खूण केव्हा जाणवली, पहिला पफ केव्हा घेतला, किती वेळ वाट पाहिली, मदत मागायला कशामुळे उशीर झाला. सहसा मधल्या भागातली एखादी ओळ त्याला कळलेली नसते किंवा त्याच्या घरात पाळता येण्यासारखी नसते. ती ओळ त्याच्यासमोर खोडून त्याच्याच शब्दांत नवी लिहावी, नवा कागद हातात द्यावा आणि जुना आपल्याकडे परत घ्यावा.